एकतीस तारखेचे पाहुणे

१० नोव्हेंबर १९९८, मंगळवार

आज मला नोकरी लागली आणि बापही मिळाला. दोन्ही एकाच दिवशी, आणि तेही अडतिसाव्या वर्षी! जिल्ह्याची नाटक कंपनी बंद पडल्यापासून सात महिने घरी बसून होतो. त्याआधी एकवीस वर्षं विंगेत उभं राहून दुसऱ्यांना वाक्यं पुरवली, दाढ्या चिकटवल्या, तलवारींना चंदेरी रंग दिला. स्टेजवर मात्र एकदाही पाऊल टाकलं नाही. आणि आता च्याओ युलिन एकदम मुख्य भूमिकेत. काम मुलाचं.

हुओशेठच्या व्हॅननं दुपारी गावात आणून सोडलं. डोंगरात लपलेलं गाव, तरणीताठी माणसं सगळी शहरात, धूर निघतो तो नऊ घरांतून. आमचं घर तीन खोल्यांचं. अंगणात पर्सिमनचं झाड, शेंड्यावर पाखरांसाठी सोडलेली आठदहा फळं. झोपायचा ओटा खालून विस्तव घालून तापवला की इतका छान तापतो की उठावंसंच वाटत नाही. शेठनं तांदळाचं पोतं, राळं, पीठ, डुकराची तंगडी आणि चाळीस कोबी टाकून दिलेत. कंपनीत इतकं कधी एकत्र पाहिलं नव्हतं.

शेठ जुन्या वस्तूंचा धंदा करतो. या कामाला त्यांच्यात सुरुंग पुरणं म्हणतात. शहरातल्या श्रीमंत शौकिनाला दुकानातली वस्तू खोटी वाटते. तीच डोंगरातल्या गरिबाच्या घरी, म्हाताऱ्याच्या उशाखालून निघाली की खरी वाटते. म्हणून घर भाड्यानं घ्यायचं, म्हातारा भाड्यानं आणायचा, मुलगा नेमायचा, घराण्याची कहाणी रचायची आणि वस्तू घरात पेरून ठेवायची. गिऱ्हाईक येतं, आपणच शोध लावला असं समजून खूश होतं आणि सुरुंगावर पाय देतं.

संध्याकाळी दोंग काकूंच्या दुकानातून आईला फोन केला. गावात फोन तेवढाच. तिकडे आईच्या इमारतीचा रखवालदार खालून हाक मारतो, मग ती चार जिने उतरते. दहा मिनिटं जातात. तिला सांगितलं, एका म्हाताऱ्याची देखभाल करायची नोकरी आहे. खोटं काय आहे त्यात? ती म्हणाली, नीट सांभाळ हो त्यांना, म्हातारी माणसं चिडकी असतात.

लाबाच्या सणाला, म्हणजे यंदा २४ जानेवारीला, तिला त्र्याहत्तरावं लागतं. आमच्याकडे त्र्याहत्तरावा उंबरठा वाईट. पोटच्या पोरानं आपल्या हातानं जिवंत कार्प मासा आणायचा, शिजवायचा, काटे काढून भरवायचा. मग म्हातारं माणूस माशासारखी उडी मारून ते वर्ष पार करतं. आईला माझ्याशिवाय कुणी नाही. येईन म्हणून शब्द दिलाय. अडीच महिने आहेत, तोवर सुरुंग केव्हाच फुटलेला असेल.

१४ नोव्हेंबर

बापाबद्दल लिहायचं राहिलं. खरं नाव न्ये, वय एक्क्याऐंशी, कान तिखट, दात चार. मी अप्पा म्हणतो. शेठ थेरडा म्हणतो.

अप्पांना तीन मुलगे. दहा-दहा दिवसांची पाळी लावलेली. एक ते दहा थोरल्याकडे, अकरा ते वीस मधल्याकडे, एकवीस ते तीस धाकट्याकडे. मी सहज विचारलं, आणि एकतीस तारखेला? तर म्हणाले, त्या दिवशी मी कुणाचाच नसायचो. धाकट्याच्या घरून सकाळी बोचकं घेऊन निघायचं, थोरल्याच्या फाटकाबाहेर बसायचं. दुसऱ्या दिवशी फाटक उघडायचं. हे त्यांनी बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. वर म्हणाले, वर्षात सातच वेळा तर येते एकतीस तारीख.

कहाणी मीच लिहिली. दोनशे वर्षांपूर्वी सम्राटानं राज्यभरातल्या म्हाताऱ्यांना राजवाड्यात जेवायला बोलावलं होतं, तो मेजवानीचा प्रसंग खरा. आमच्या नाटकातल्या घराण्याचे पूर्वज शिंग वानफू त्या पंगतीला होते, हे माझं रचलेलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी भर थंडीत चालत राजधानी गाठली, आणि सम्राटानं हातात चांदी दिली. शेवटचं वाक्य मुलाच्या तोंडी आहे: आमच्या घराण्यात म्हाताऱ्यांना कधी उपाशी ठेवलं नाही, ही चांदी त्याची साक्ष. हे ऐकून शेठ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. पण वाक्य चांगलंच आहे. एकवीस वर्षांत असं वाक्य कुणी मला बोलायला दिलं नव्हतं.

चांदी म्हणजे तळहाताएवढी पाटी, वर ढगाची नक्षी आणि दोरी ओवायला भोक. एका बाजूला ‘सम्राटाच्या कृपेने, वृद्धांच्या पोषणासाठी’, दुसऱ्या बाजूला मेजवानीचं साल आणि वजन दहा ल्यांग. शौकीन लोक अशा पाटीसाठी जीव टाकतात. आमची आठ महिन्यांपूर्वी दक्षिणेत घडली, गंधकानं काळी केली, डुकरांच्या गोठ्यात पुरली. कडा अजून इतक्या धारदार आहेत की अप्पांच्या कमरेला ओरखडा उठलाय. अंगाच्या घामानं तेज यावं म्हणून ती त्यांनी दिवसरात्र कमरेला बांधायची, असा शेठचा हुकूम.

२१ नोव्हेंबर

पूर्वजाच्या नावाची लाकडी पाटी आज पुरी केली. जुन्या दाराचं लाकूड, चहाचं पाणी, चुलीचा धूर. शिंग वानफू यांचा जन्म झालाच नव्हता, पण पाटी बघून कुणाचेही हात जोडले जातील.

एका गोष्टीवरून शेठशी वाजलं. अशा पाटीवर शेवटी एक लाल ठिपका द्यायचा असतो. तो देईपर्यंत ती फळी. दिला की पितराची जागा. कंपनीत आम्ही नाटकातल्या पाटीवर तो ठिपका कधीच देत नसू. मी नवीन असताना एकदा चुकून द्यायला गेलो, तर मास्तरांनी थोबाडीत मारली होती. रिकामी खुर्ची मांडून हाक मारू नये, कोण येऊन बसेल सांगता येत नाही, असं म्हणाले होते. शेठ म्हणाला, गिऱ्हाईक आंधळं नाही, ठिपका नसेल तर सगळं मुसळ केरात. शिवाय शेंदूर नवा दिसतो. रक्त कसं झकास तपकिरी होतं. खऱ्या घरांत मुलाच्याच बोटाचं रक्त लावतात ना? मग लाव की, मुलगा आहेस ना तू?

सुईनं बोट टोचलं आणि ठिपका दिला. नाटकच तर आहे.

भिंतीवर धुराचा डाग खरा पडायला हवा, म्हणून रोज दुपारी पाटीपुढे धूप लावतो आणि भाताचा वाडगा ठेवतो. दोंग काकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी तराजू खाली ठेवला. म्हणाल्या, नाव खोटं असेल रे पोरा, पण धूप खरा, भात खरा, रक्तही खरं. ज्यांना घरी कुणी विचारत नाही ते अशाच बिननावाच्या दाराशी येतात. मी म्हटलं, काकू, येऊ द्या, चाळीस कोबी आहेत.

३ डिसेंबर

पहिलं गिऱ्हाईक आलं आणि न घेताच गेलं. पण अप्पांनी कमाल केली! मी लिहिलेलं सगळं म्हटलंच, वर पदरचंही घातलं. म्हणाले, मागच्या पंगतीपर्यंत भांडी पोचायची तेव्हा चरबी गोठलेली असायची. म्हणाले, कितीतरी म्हातारे वाटेतच गारठून गेले, आणि कितीतरी जणांना फाटकातून आत घेतलंच नाही; ते बर्फात उभे राहून आतल्या जेवणाचा वास घेत होते.

गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाणी. शेठनं मला बाजूला घेऊन विचारलं, हे तू लिहिलंस? मी हो म्हणालो. लिहिलं नव्हतं. म्हातारा जात्याच नट आहे म्हणायचा. आमच्या कंपनीत असता तर नायकाची सुट्टी झाली असती.

११ डिसेंबर

पाटीपुढचा भात रोज आम्हीच खातो, टाकणार कोण? पण चार दिवस झाले, त्या भाताला चवच नाही. मीठ घातलं, व्हिनेगर घातलं, लाल मिरची घातली. चावत राहावं आणि तोंडात काहीच नसावं असं. पातेल्यातला भात मात्र ठीक आहे.

अप्पांना सांगितलं तर म्हणाले, खाल्लेल्या अन्नाला चव कशी असेल? आणि उद्यापासून दोन वाडगे जास्त मांड म्हणाले. म्हाताऱ्याचा हट्ट. मांडले.

२२ डिसेंबर, मंगळवार. सर्वांत लहान दिवस

डंपलिंग केले, कोबी आणि डुकराच्या खिम्याचे. आजच्या दिवशी ते खाल्ले नाहीत तर कान गळून पडतात, असं आई सांगायची. अप्पांनी आज सहा वाडगे मांडायला लावले. भर दुपारी, लख्ख उन्हात, रिकाम्या स्टुलांकडे बघून ते एकेकाला वाढत होते. थोडं सरका हो, यांचा गुडघा दुखतोय, असं कुणाला तरी म्हणत होते. मला आधी हसू आलं. मग आवरताना मी स्टुलं उचलली. थंडीत लाकूड बर्फासारखं व्हायला हवं. पण सहाही स्टुलं गरम होती. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

आईला फोन केला. खोकत होती. मी म्हटलं, येऊ का दोन दिवस? तर म्हणे, काम टाकून येऊ नको, लाबाला येणारच आहेस ना. तू काय खाल्लंस विचारलं, तर एकटीसाठी कोण डंपलिंग करतंय म्हणाली. पेज प्यायली होती.

मी इथे आठ जणांचे डंपलिंग केले होते!

३१ डिसेंबर

सकाळी उठलो तर ओट्यावर अप्पा नाहीत. फाटकाबाहेर बर्फात उभे, काखेत बोचकं. अहो, काय करताय? तर म्हणाले, एकतीस तारीख ना आज. मी त्यांना धरलं, म्हटलं, इथं पाळी नाही, तारीख नाही, एकतीस तारखेलाही चूल पेटते, चला आत. ते लहान पोरासारखे रडले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ती ही.

मग ते वळले आणि रस्त्याकडे बघून मोठ्यानं म्हणाले, ऐकलंत ना? यानंच सांगितलं. इथं एकतीस तारीख नाही. या, सगळे आत या.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी फाटक लावलं. तासाभरानं अंगणातला बर्फ लोटायला गेलो. रस्त्याकडून फाटकापर्यंत पावलं उमटली होती. लहान, फरपटत टाकलेली, शेजारी काठीची भोकं. एकाची नाहीत. फाटकातून आत, झाडाखालून, थेट उंबऱ्यापर्यंत. आमची दोघांची सोडली तर बाहेर जाणारं एकही नाही.

खोड मेल्यावरही जात नाही तर.

६ जानेवारी १९९९

ग्वांगचौचा गिऱ्हाईक आला, बरोबर पारखी घेऊन. पारखी भिंग लावून अर्धा तास बसला. मी मनात देवाचा धावा करत होतो. अखेर तो म्हणाला, नकली चांदीच्या कडा फडक्यानं घासलेल्या असतात, ही अंगठ्यांनी झिजलीय. खूप अंगठ्यांनी, खूप वर्षं. असं खोटं करता येत नाही. अस्सल आहे.

शेठनं बाहेर माझं मनगट आवळलं, काय चोळलंस रे हिला? मी काही चोळलं नव्हतं. नोव्हेंबरात जी कड अप्पांना कापत होती ती आज मी स्वतः हात लावून पाहिली. नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत.

गिऱ्हाईक २४ तारखेला पैसे घेऊन येणार. तोवर कुणी हलायचं नाही, शेठ म्हणाला. मी सांगितलं, त्याच दिवशी मला आईकडे मासा घेऊन जायचंय. तो हसला. मासा मासाच असतो, आणणाऱ्याचे हात कोण खातं? आमचा ड्रायव्हर छाई देईल पोचवून. आणि माझा हिस्सा दुप्पट केला.

मी हो म्हणालो. कुणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. लिहून ठेवतो.

९ जानेवारी

आईला सांगितलं. थोडा वेळ फक्त खोकला ऐकू आला. मग म्हणाली, असू दे रे, काटेच फार असतात त्या माशाला. आणि विचारलं, त्या म्हाताऱ्यांना वेळेवर जेवायला घालतोस ना?

घालतो म्हणालो.

१३ जानेवारी

धूप बंद केला. वाडगे मांडले नाहीत. पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली. दुपारी जेवायला बसलो तर पाटीचं तोंड माझ्याकडे, आणि पातेल्यातल्या सगळ्या भाताची चव गेलेली.

चाकूनं ठिपका खरवडला. खाली लाकूड लाल. आणखी खरवडलं, आणखी लाल. नखभर खोल गेलो. लाकूड ओलं लागायला लागलं, तेव्हा चाकू टाकला.

अप्पांनी माझे पाय धरले. यांना घालवू नको म्हणाले. मग बोटानं एकेक स्टूल दाखवत सांगत बसले. हा कुंभार, दोन मुलगे रेल्वेत, गोठ्यात गेला. या बाईला खोलीत कुलूप लावून घरचे लग्नाला गेले, चार दिवसांनी आले. या दोघी जावा, एकीच्या तोंडचं दुसरीनं खाल्लं अशी वेळ आणली पोरांनी. चांदी आळीपाळीनं हातात घेतात म्हणाले. त्यावर काय लिहिलंय ते एकाला वाचता येतं, तो बाकीच्यांना वाचून दाखवतो. त्यांना वाटतं, आपल्याला बोलावणं आलंय. सम्राटाचं.

आम्ही मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायला निघालो होतो. मढीच जेवायला येऊन बसली.

१७ जानेवारी

फोन केला. रखवालदार म्हणाला, तीनदा हाक मारली, उतरत नाहीत. खिडकीत दिवा दिसतोय, झोपल्या असतील.

सकाळचे अकरा वाजले होते. वर जाऊन बघा ना म्हटलं. त्याचा गुडघा दुखतो. कुणाला तरी पाठवतो म्हणाला. दिवा कालपासून आहे का, ते विचारायचं राहिलं —

१९ जानेवारी

आठवड्याची बस आली. मी पिशवी भरून रस्त्यावर उभा होतो. ड्रायव्हरनं दार उघडलं, येतोस का विचारलं. परतीची बस २६ला. म्हणजे २४ चुकणार. म्हणजे दुप्पट हिस्सा गेला, एकेरीही गेला, सात महिने पुन्हा घरी. आणि आईनं स्वतःच तर सांगितलं होतं, काम टाकून येऊ नको —

दार लागलं. बस गेली. मी चढलो नाही.

दोंग काकूंनी दुकानातून सगळं पाहिलं. फळ्या लावून दुकान बंद केलं. तेच लागलं.

२० जानेवारी

फोन बंद. तारेवर बर्फ पडलाय म्हणे.

२२ जानेवारी

अप्पा म्हणाले, काल एक नवीन आल्यात. दाराशीच बसतात. वाढलं तरी खात नाहीत. माझा मुलगा येणार आहे, तो काटे काढून देईल, असं म्हणतात.

कशा दिसतात, मी विचारलं. विचारायला नको होतं.

निळा कापसाचा कोट, म्हणाले. चार बटणं. तीन साधी, वरचं पितळी. नाटकातल्या सरदाराच्या अंगरख्याला असतं तसं.

ते बटण मी शिवलंय. कंपनीच्या पेटीतून चोरून आणलं होतं. अप्पांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असेल. झोपेत बोललो असेन. निळे कोट काय, हजारो —

२३ जानेवारी

दिवसभर दाराकडे पाहिलं नाही. आत जाताना खिडकीतून गेलो.

अप्पा रागावले. एवढ्या लांबून आलीय बाई, एक शब्द तरी बोल म्हणाले. मी म्हटलं, कोण बाई? इथं कुणी नाही. ते म्हणाले, असंच म्हणायचे माझेही. फाटकाच्या आतून.

खोकला ऐकू येतोय. चार जिने उतरल्यावर येतो तसा. आधी दोनदा, मग थांबून एकदा —

२४ जानेवारी, लाबा

छाई व्हॅन घेऊन लवकर आला. शेठ आणि गिऱ्हाईक मागच्या गाडीत आहेत, तासाभरात पोचतील म्हणाला. मी विचारलं, मासा दिलास? तो म्हणाला, वाट वाकडी पडत होती रे, बर्फ किती, आता परत जाताना देतो की. बादली व्हॅनमध्येच होती. मासा जिवंत होता. तोंड उघडत होता, मिटत होता.

मासा मीच शिजवला. माझ्या हातानं. आलं, कांद्याची पात, व्हिनेगर. आईला आवडतं तसं. मीठ घातलं, नक्की घातलं.

दुपार. ऊन दारातून आत आलंय. सगळी स्टुलं भरलीत. मला दिसत नाहीत, पण आता कळतं. ते सरकले, दाराशेजारी मला जागा केली. बसलोय. वही मांडीवर. लिहीत राहिलो तर वर बघावं लागत नाही. एकवीस वर्षं वहीतच बघितलं, सवय आहे.

काटे काढतोय. एका हातानं काटे, एका हातानं लिहिणं. वाडग्यात ठेवलं की घास नाहीसा होत नाही. तसाच राहतो. चव जाते फक्त. मी चाखून पाहिलं.

कोटाची बाही दिसतेय. वहीच्या कडेला. निळी.

म्हणाली, तू आला नाहीस, मग मीच आले.

आई. बस आली होती. मला माफ —

म्हणाली, खोलीत दिवा चालूच राहिलाय, घालव जाऊन.

गाडीचा आवाज. शेठ अंगणातून ओरडतोय, युलिन! बापाला घेऊन बाहेर ये, पाहुणे आलेत! अप्पा उठत नाहीत. आमचं जेवण व्हायचंय म्हणतात. चांदी त्यांच्या कमरेला नाही. हातोहात फिरत इकडे आली. आता तिच्या हातात आहे. अंगठा फिरवतेय. मोठ्यानं वाचतेय. वाचता येत नव्हतं तिला —

शेठ दारात. गिऱ्हाइकाला सांगतोय, हा बघा, असा मुलगा शोधून सापडणार नाही, जेवण भरवतोय म्हाताऱ्यांना. चल रे, सांग यांना, तुमच्या घराण्याचं ते वाक्य सांग.

सगळे थांबलेत. ऐकायला. तीही. वर बघायला लावतेय, हनुवटीला हात लावून. हात गार आहे, व्हिनेगरचा वास येतोय. वाक्य माझंच आहे. पाठ आहे. म्हणतो —

आमच्या घराण्यात म्हाताऱ्यांना कधी